ग्रुप थेरपीत पहिल्यांदा बसताना

आमचा गट दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला भरायचा आणि आठला सुटायचा. दुसऱ्या मजल्यावरून जिना उतरताना मला दर वेळी एक वाक्य सुचायचं. ‘त्यांनी मला मध्येच तोडलं तेव्हा राग आला होता.’ किंवा, ‘ती बोलत होती तेव्हा मला माझी आई आठवत होती.’ रिक्षा मिळेपर्यंत ते वाक्य छान घोटून तयार व्हायचं आणि पुढच्या गुरुवारपर्यंत शिळं होऊन जायचं. ग्रुप थेरपीला नव्याने जाणाऱ्यांना मला खरं तर एवढंच सांगायचं आहे, की जिन्यावर सुचतं ते आत बोलायचं असतं. पण तिथवर पोचायला वेळ लागतो. मला सहा महिने लागले. तुम्हाला कमी लागावेत म्हणून हा लेख.

एक खुलासा. मी थेरपिस्ट नाही. पावणेदोन वर्षं एका गटात बसले आणि बसल्या बसल्या ज्या शंका आल्या त्यांच्यापोटी या विषयावरचं संशोधन वाचत गेले. गटातल्या इतरांबद्दल इथे काही येणार नाही. जे येईल ते माझंच. एके ठिकाणी दुसरीचं एक वाक्य आहे, ते तिला विचारून घेतलंय.

पायरी पहिली : कुठला गट?

गट म्हटलं की आपल्याकडे आधी बचत गट आठवतो, नाहीतर एखाद्या पक्षातला फुटीर गट. मानसिक आरोग्याच्या जगातही ‘ग्रुप’ या एकाच शब्दाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी चालतात, आणि चुकीच्या ठिकाणी जाऊन ‘मला जमलं नाही’ म्हणत परत येणारे बरेच असतात.

एक असतो शिकवणीसारखा गट. चिंता, झोप, राग असा विषय ठरलेला, सत्रांची संख्या ठरलेली, हातात वही आणि घरी गृहपाठ. इथे तुमच्या लहानपणाची चौकशी फारशी कुणी करणार नाही. तंत्र शिकायचंय, वेळ कमी आहे, असं असेल तर हा बरा.

दुसरा स्वमदत गट. एकच दुखणं वाट्याला आलेली माणसं एकत्र बसतात, थेरपिस्ट असतोच असं नाही. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेलं, दारू सोडू पाहणाऱ्यांचं अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हे याचं जुनं आणि खूप पसरलेलं उदाहरण. तिथे फी नसते. महाराष्ट्रात या प्रकाराची मुळं चांगली रुजली आहेत. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनी माणसाइतकंच त्याच्या घरच्यांनाही बोलतं केलं जातं. पुण्यातल्याच स्किझोफ्रेनिया आणि पार्किन्सन्सच्या गटांमध्ये आजारी माणसाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणायची पद्धत पडली आहे. ‘पेशंट’ आणि ‘केअरटेकर’पेक्षा किती बरे शब्द!

तिसरा प्रकार म्हणजे ज्याला थेरपिस्ट मंडळी ‘प्रोसेस ग्रुप’ म्हणतात तो. सात-आठ अनोळखी माणसं, एक किंवा दोन थेरपिस्ट, साधारण दीड तास आणि विषय काहीही नाही. अक्षरशः काहीही नाही. कुणीतरी बोलायला लागेपर्यंत शांतता. हा लेख मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच उडतो. ‘लोकांशी माझं पटत नाही’, ‘मी कुणाला नाही म्हणू शकत नाही’, ‘जवळ कुणी आलं की मी लांब पळतो’ अशी तक्रार असेल तर हाच प्रकार बघा. कारण ज्या गोष्टीची तक्रार आहे ती इथे त्या खोलीतच घडते, डोळ्यांदेखत.

मधली शंका : हे स्वस्तातलं आहे म्हणून हलकं आहे का?

एकट्याने थेरपिस्टकडे जायची फी परवडत नाही म्हणून गटात आले, असं मी पहिल्या दिवशी मोठ्या प्रामाणिकपणे सांगितलं होतं. मागे वळून बघते तेव्हा जाणवतं, की त्यात इतर सगळ्यांचा थोडा अपमानच होता.

गंमत म्हणजे या उपचाराचा जन्मच पैशाच्या अडचणीतून झालाय. १९०५ साली बॉस्टनमध्ये जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरने क्षयाच्या गरीब रुग्णांचा वर्ग सुरू केला. सॅनिटोरियमचा खर्च यांना झेपणारा नव्हता. आठवड्यातून एकदा यायचं, वजन करायचं, घरी ठेवलेली नोंदवही दाखवायची आणि विश्रांती, मोकळी हवा, आहार यावर डॉक्टरचं ऐकायचं. बेत एवढाच होता. पण प्रॅटच्या लक्षात आलं की ही माणसं एकमेकांमुळे धरून राहतायत. धर्म वेगळे, मूळ गावं वेगळी, आजार मात्र एक, आणि तेवढ्याने नातं जुळतंय.

आता आकडे. गॅरी बर्लिंगेम आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली ६७ अभ्यास एकत्र करून एकेकट्याची थेरपी आणि गटातली थेरपी यांची समोरासमोर तुलना केली. उपचार तोच, माणसं तशाच त्रासाची आणि उपचाराची मात्रा तेवढीच असेल तेव्हा निकालात फरक निघाला नाही.

त्याहून माझ्या मनात बसलेला अभ्यास युगांडातला आहे. मसाका आणि राकाई हे तिथले नैर्ऋत्येचे जिल्हे, एड्सने पोळलेले. पॉल बोल्टन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ३० गावांपैकी १५ गावांत नैराश्य असलेल्या लोकांचे गट चालवले. बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे. आठवड्यातून एकदा दीड तास, असे १६ आठवडे. गट चालवणारे डॉक्टर नव्हते, त्याच भागातली, तीच भाषा बोलणारी, त्या कामापुरतं प्रशिक्षण घेतलेली माणसं होती. २००३ साली निकाल छापून आले. सुरुवातीला दोन्हीकडच्या गावांत निवडलेल्यांपैकी दहातले साधारण नऊ जण तीव्र नैराश्याच्या व्याख्येत बसत होते. शेवटी गट चाललेल्या गावांत ते प्रमाण ६.५ टक्क्यांवर आलं, गट नसलेल्या गावांत ५४.७ टक्के राहिलं.

गटाच्या नावावर काहीही खपवलं जातं, म्हणून उलट बाजूही सांगते. १९८९ साली डेव्हिड स्पीगल यांनी स्तनाचा कर्करोग पसरलेल्या ८६ स्त्रियांवरचा अभ्यास छापला आणि खळबळ उडाली, कारण गटात बसणाऱ्या बायका सरासरी दुपटीच्या आसपास काळ जगल्या होत्या. २००१ साली कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या होत्या, विशेषतः ज्यांना मुळात जास्त त्रास होता त्यांच्या. तेव्हा गटाने गाठी विरघळतात, शुगर उतरते असं कुणी सांगू लागलं तर नमस्कार करून निघा.

पायरी दुसरी : फोनवर काय विचाराल

फी तर विचारालच. त्याआधी हे विचारा : गट सुरू करण्यापूर्वी थेरपिस्ट मला एकट्याला भेटणार का? ‘नाही, थेट गुरुवारी या’ असं उत्तर आलं तर मी तरी जाणार नाही. निदान एक भेट, शक्यतो दोन, आधी व्हायलाच हव्यात. गटात काय होतं, काय होत नाही, सुरुवातीला काय वाईट वाटू शकतं हे ज्यांना आधी नीट सांगितलेलं असतं ती माणसं जास्त टिकतात, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. शिवाय त्या भेटीत नकार मिळायचीही सोय असते. आत्महत्येचे विचार जोरात आहेत, भास होतायत, किंवा रोजची दारू सुटलेली नाही अशा अवस्थेत प्रोसेस ग्रुप ही पहिली पायरी नव्हे. आधी मानसोपचारतज्ज्ञ. अगदी हातघाईची वेळ असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मग विचारा की गट बंद आहे की उघडा. बंद म्हणजे सगळे एकदम सुरू करतात आणि एकदम संपवतात. उघड्या गटात कुणी निघालं की त्याच्या जागी नवा येतो. आमचा उघडा होता, मी आले तेव्हा काही जण तिथे वर्षभर मुरलेले होते. नव्या सुनेला वाटतं तसं वाटलं. माणसं किती, हेही विचारा. सात-आठ उत्तम, पाचाच्या खाली गेलं की दोघं गैरहजर राहिल्यावर काही उरत नाही, दहाच्या वर गेलं की वर्ग होतो.

आणि हो, चालवणाऱ्याचं शिक्षण. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. गट चालवण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, तेही विचारा. एकट्याला छान हाताळणारा थेरपिस्ट आठ जणांत गडबडू शकतो.

पायरी तिसरी : गुप्ततेचं गणित

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवायचं बंधन उपचार करणाऱ्यांवर घातलंय. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसावर तसं बंधन नाही. तो फक्त शब्द देतो. हे पहिल्याच दिवशी नीट समजून घ्या, उगाच भाबडेपणा नको. माझा अनुभव चांगला आहे. लोक शब्द पाळतात, कारण प्रत्येकाचं काहीतरी बाकीच्यांपाशी ठेवलेलं असतं.

पुण्यासारख्या शहरात खरी भीती वेगळीच असते : ओळखीचं कुणी निघालं तर? निघतं. एकतर आडनावावरून तार जुळते, नाहीतर ‘तुम्ही कोथरूडच्या का?’ तसं झालं तर बैठकीच्या आधी थेरपिस्टला फोन करून सांगा. नवऱ्याला किंवा बायकोला घरी सांगताना स्वतःबद्दल हवं तेवढं सांगा, दुसऱ्याची गोष्ट नाव वगळूनही नको.

बाहेर भेटायचं की नाही, यावर गटागटांचे नियम वेगळे. बहुतेक ठिकाणी ‘शक्यतो नको, आणि भेटलात तर पुढच्या वेळी आत सांगा’ असं असतं. सुरुवातीला मला हे शाळेतल्या बाईंसारखं वाटलं होतं. मग आमच्यातल्या तिघांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप झाला, मी त्यात होते, आणि महिनाभरात आम्ही आत बोलेनासे झालो, कारण सगळी वाफ तिकडेच जात होती. जिन्यावरच्या वाक्यांना आम्ही कायमचा जिना बांधून दिला होता. तो ग्रुप बंद करताना झालेली बैठक फारच अवघड गेली.

पायरी चौथी : पहिली बैठक

दहा मिनिटं आधी पोचा. काय बोलायचं हे पाठ करून जाऊ नका, मी केलं होतं, दोन मिनिटांत संपलं. नाव, कशासाठी आलो आणि आत्ता या खोलीत कसं वाटतंय, एवढं पुरे. सगळं आयुष्य पहिल्या दिवशी ओतलंत तर दुसऱ्या आठवड्यात यायची लाज वाटेल. यामुळे गळणारे लोक असतात.

एक अस्सल मराठी अडचण सांगते. हाक काय मारायची? आपली जीभ वय बघून आपोआप काका, मावशी, ताई, दादा म्हणते, आणि नातं जोडलं की त्यासोबत नात्याचे नियमही खोलीत शिरतात. ज्यांना ‘काका’ म्हटलं त्यांच्यावर चिडायचं कसं? आणि काकांनी सगळ्यांसमोर रडायचं कसं? आमच्याकडे सगळ्यांनी नावाने आणि ‘तुम्ही’ असं ठरलं. हळूहळू काही जोड्या ‘तू’वर आल्या, पण ‘ताई’ परत आली नाही. तुमच्या गटात कुणी हा विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी दिसेल. सगळे थेरपिस्टकडे बघून बोलतात. मॅडम काय ते सांगतील, मग आपण लिहून घेऊ. विल्फ्रेड बायन या ब्रिटिश मनोविश्लेषकाने (जन्म १८९७, आपल्या मथुरेचा) दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफिल्ड लष्करी इस्पितळात सैनिकांसोबत गटांचा प्रयोग केला, आणि पुढे गटांच्या ज्या सवयी नोंदवल्या त्यांतली पहिली हीच : नेता काय ते निस्तरेल म्हणून त्याच्यावर विसंबून बसणं. मॅडम गप्प बसतात तेव्हा राग येतो. येऊ द्या. समोरच्या खुर्चीकडे बघून बोलायला त्यातूनच सुरुवात होते.

पायरी पाचवी : पहिले बारा आठवडे

नव्या माणसाने मनात धरायचा आकडा बारा. आयर्विन यालोम या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६६ साली नऊ गटांचा अभ्यास छापला होता. ९७ पैकी ३५ जण पहिल्या बारा बैठकींच्या आतच सोडून गेले होते. कारणं ओळखीची वाटतील : मी या सगळ्यांत वेगळाच आहे, इतरांचं दुःख ऐकून मलाच त्रास होतोय, फार लवकर फार बोलून बसलो, मला वाटलं होतं ते हे नाही.

शिवाय ब्रूस टकमन यांनी १९६५ साली गटांवरचे ५० लेख चाळून जे टप्पे मांडले, त्यांत ओळखपाळखीच्या लगेच पुढचा टप्पा भांडणाचा आहे. म्हणजे बऱ्याच जणांची सहनशक्ती संपते नेमकी तेव्हाच गटात खडाखडी सुरू होते. याला बिघाड समजू नका. सोडावंसं वाटलं तर ते गटात बोला आणि मग पुढचे दोन आठवडे या. फोनवर मेसेज टाकून गायब होणं हे आपण बाहेर करतोच की.

‘मी वेगळाच आहे’ याबद्दल थोडं. यालोम यांनी प्रशिक्षण घेणाऱ्यांच्या गटांत एक खेळ केला. प्रत्येकाने गटाला सांगायला सगळ्यात नको वाटेल असं एक गुपित चिठ्ठीवर निनावी लिहायचं. सगळ्यात जास्त चिठ्ठ्यांवर निघालं ते हे : आपण आतून कमी आहोत, लोकांना खरं कळलं तर आपलं बिंग फुटेल. त्याखालोखाल, मला कुणाबद्दल खरी माया वाटतच नाही. या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांतले बरेच जण पुढे इतरांवर उपचार करणार होते, हे ध्यानात घ्या.

पायरी सहावी : इथलं, आत्ताचं

आता मुख्य काम. घरी सासू काय म्हणाली, ऑफिसात बॉस काय म्हणाला हे सांगायला हरकत नाही, पण ते सगळं खोलीबाहेरचं. तिथे गट फार तर सल्ला देईल, आणि सल्ला देण्यात आपण कुणाला ऐकणार नाही. गटाची खरी ताकद या खोलीत या दीड तासात तुमचं माझं काय चाललंय, त्यात असते.

माझं उदाहरण. खोलीत एक जुना पंखा होता, त्याचा रेग्युलेटर दाराजवळ. मी दर बैठकीत एकदा-दोनदा उठून तो कमी-जास्त करायचे. आवाज येतोय, वारं लागतंय, काहीतरी निमित्त. मला यात काही वाटायचं नाही, घरातही मीच उठते. अकराव्या-बाराव्या आठवड्यात समोरची म्हणाली, “तू पंख्याकडे गेलीस की समजायचं, कुणाचा तरी आवाज भरून आलाय.” सगळे हसले, मीही हसले. मग थेरपिस्टनी विचारलं की कुणी रडलं तर काय होईल असं वाटतं. मला उत्तरच देता येईना. आमच्या घरात रडण्याची वेळ आली की कुणीतरी उठून चहा टाकायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे वयाच्या नवव्या वर्षापासून मी. हे मी एका थेरपिस्टसमोर बसून वर्षभर सांगितलं नसतं, कारण तिथे पंख्याकडे उठून जायची वेळच आली नसती. त्यासाठी समोर रडणारी माणसं लागतात.

तेव्हा करायचं काय? ‘लोक’, ‘आपण’, ‘माणसाला कसं असतं’ हे शब्द टाळा. कुणाला उद्देशून बोलताय त्याचं नाव घ्या. ‘तुम्ही असं करायला हवं’च्या जागी ‘तुम्ही हे सांगितलंत तेव्हा मला असं झालं’. काही झालंच नसेल, कंटाळा आला असेल, तर तेही सांगता येतं, जरा सौम्यपणे. माझा कंटाळा सहसा समोरचा माणूस मुद्द्याला बगल देत असल्याची खूण निघायचा. आणि कुणी तुम्हाला असं काही सांगितलं तर लगेच खुलासा करू नका. “हो, पण” हे दोन शब्द गिळा. सल्ला मागायचा आणि प्रत्येक सल्ल्याला ‘ते करून बघितलंय’ म्हणायचं, ही भूमिका प्रत्येक गटात कुणीतरी वठवतंच. आमच्याकडे काही आठवडे ती मीच वठवली.

एक चाचणी स्वतःवर लावा. घरी परतताना जे वाक्य सुचेल ते फोनमध्ये टिपून ठेवा आणि पुढच्या वेळी पहिल्या पाच मिनिटांत सांगा : “मागच्या वेळी मला हे बोलायचं होतं.” शिळं झालं तरी चालतं. दोन-तीनदा असं केल्यावर ते वाक्य आतच सुचायला लागतं.

सावध कधी व्हायचं

वाईट गटही असतात. लीबरमन, यालोम आणि माइल्स यांनी स्टॅनफर्डमधल्या दोनशेच्या वर विद्यार्थ्यांचे १८ गट अभ्यासून १९७३ साली निष्कर्ष छापले. ते त्या काळातले, मनातलं थेट तोंडावर बोलून टाकायचे बेधडक ‘एन्काउंटर’ गट होते, उपचाराचे नव्हेत, तरी धडा घेण्यासारखा आहे. १६ जणांचं टिकून राहणारं नुकसान झालं होतं. अंगावर जाणारे, ‘आत्ताच्या आत्ता मोकळं हो’ म्हणून हात पिरगाळणारे नेते जिथे होते तिथे ते जास्त झालं. आणि कुणाला इजा झालीय हे नेत्यांना बऱ्याचदा कळलंच नव्हतं. शेजारी बसलेल्यांना कळलं होतं.

म्हणून बघा : ‘आज नको’ म्हटलेलं ऐकलं जातं का? दर आठवड्याला एकाच माणसाला सगळे मिळून धुतायत आणि थेरपिस्ट बघत बसलेत, असं तर नाही? थेरपिस्टवर राग काढता येतो, की त्यांना देव्हाऱ्यात बसवलंय? उलट चांगल्या गटाची खूण म्हणजे आपण इथले आहोत असं वाटणं. ते नुसतं सुखाचं नाही, उपयोगाचंही आहे. २०१८ साली ५५ अभ्यास आणि सहा हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हा गटात एकजूट जितकी, तितका पुढे फरक जास्त, असा संबंध दिसला. फार मोठा नाही, पण नक्की आहे.

निघताना

बरं वाटलं म्हणून एका गुरुवारी जाणं बंद करायचं नसतं. चार आठवडे आधी सांगा. त्या चार आठवड्यांत लोक तुम्हाला काय काय सांगतात ते ऐका, त्यांतलं निम्मं त्यांनी वर्षभर गिळलेलं असतं. माझ्यावर एकजण रागावलं, एकाने थांब म्हटलं, एकजण काहीच बोललं नाही आणि त्याचंच मला जास्त लागलं. ते मी तिथेच सांगितलं. शेवटच्या दिवशी पेढे न्यायचे का, यावर माझ्या डोक्यात आठवडाभर खल चालला होता. शेवटी नेले नाहीत. कुणी काही बोलायला लागलं की मी डबा फिरवत बसले असते.